झाकण काढू नका, आणि प्लगची मोठी पिन तर अजिबात तोडू नका

उन्हाळा लागला की आमच्याकडच्या ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. कॉम्प्युटर वाचवायचे उपाय म्हणून त्यात सांगितलंय: सीपीयूचं झाकण काढून समोर कूलर लावा, करंट मारत असेल तर प्लगची मोठी पिन काढून टाका, यूपीएस असेल तर अर्थिंग लागत नाही, डिस्प्ले आला नाही म्हणजे मदरबोर्ड गेला, मशीन हळू झालं की फॉरमॅट मारा, आणि विंडोज १० बंद झालं, तेव्हा जुनं मशीन भंगारात घाला. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात मशीनं दुरुस्त करतो. या मेसेजने बिघडवलेली मशीनं दर मे महिन्यात माझ्या टेबलावर येतात, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात मोठ्या पिनेपासून करतो. ती अर्थिंगची पिन असते, आणि ती तोडायचा उपाय माणसाच्या जिवावर येऊ शकतो.

गेल्या मे महिन्यात एका गावातल्या ई-सेवा केंद्रावर गेलो होतो. अंगठ्याचं मशीन सारखं बंद पडतंय अशी तक्रार होती. कॅबिनेटच्या, म्हणजे ज्याला सगळे सीपीयू म्हणतात त्या डब्याच्या पत्र्याला हाताची मागची बाजू हळूच टेकवली, तर मुंग्या आल्यासारखी झणझण. प्लग काढून पाहिला, मोठी पिन पकडीने तोडलेली. चालवणारा भाऊ म्हणाला, करंट मारायचा म्हणून मेसेजमध्ये सांगितलं तसं केलं.

आता आत काय चालतं ते बघा. लाइनीतला गोंगाट गाळायला एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डबीत, दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजवरून येतो, दुसरा न्यूट्रलवरून, आणि दोघांची दुसरी टोकं पत्र्याला, म्हणजेच अर्थिंगच्या वायरला जोडलेली असतात. अर्थिंग नीट असेल तर ही गळती निमूट जमिनीत जाते. पिन तोडली की पत्रा दोघांच्या मध्ये अधांतरी राहतो आणि त्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसती झणझण होते. पण आत एखादी वायर सोलली जाऊन फेज पत्र्याला लागली, तर त्याला जायला दुसरी वाट उरत नाही. मग पत्र्याला हात लावणारा माणूसच अर्थिंग होतो.

तरी पिन काढल्यावर काही जणांचा करंट थांबतो, हे खरं आहे. तिथे घरातली अर्थिंगच मेलेली असते. त्याच वायरवर असलेल्या कूलरची किंवा पाण्याच्या मोटारीची गळती फिरून कॉम्प्युटरच्या पत्र्यावर येते. पिन तोडून ती गळती कुठे जात नाही, ती घरात तशीच असते.

आपल्याकडे अर्थिंग मरण्याचं कारण बऱ्याचदा पायाखालीच असतं. काळी जमीन एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, आणि ओल संपली की करंट जमिनीत शिरत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घाला आणि वायरमनकडून मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. त्या केंद्रावर फेज-अर्थचा काटा अर्ध्यावर लोंबत होता. वरून प्रिंटर दुसऱ्या सॉकेटवर, त्यामुळे यूएसबीची केबल लावताना बारीक ठिणगी पडायची. अशाने पोर्ट जळतात.

यूपीएसचं थोडक्यात सांगतो. यूपीएस अर्थिंग तयार करत नाही, भिंतीतून येते तीच पुढे देतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो, म्हणून लेझर प्रिंटर त्यावर लावूच नका. कागद तापवताना तो एकदम जोरात करंट ओढतो. बॅटरी लवकर का जाते, असं सगळे विचारतात. दर १० अंश वाढीव तापमानाला अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपण यूपीएस ठेवतो पत्र्याच्या शेडमध्ये, टेबलाखाली कोंडून.

आता कूलर. अरुंद, कोंदट कॅबिनेटचं झाकण काढलं तर तापमान थोडं उतरतं, हे मान्य. पण कूलरच्या हवेतून बोअरच्या जड पाण्याचे तुषार येतात, ते वाळले की बोर्डावर पांढरी पूड राहते. पूड आणि ओली धूळ मिळून पिनांवर गंज चढतो. जिनिंगजवळच्या दुकानांची तर वेगळीच गत. प्रोसेसरचा पंखा उचलला की खाली कापसाच्या तंतूंची अख्खी गादी निघते, हवा आरपार जातच नाही. मग बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात, आणि माणसाला वाटतं व्हायरस आला. उपाय साधा आहे. प्लग काढा, मशीन अंगणात न्या, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा, प्रोसेसरवरची वाळलेली, उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट पुसून नवी लावा, झाकण बसवा. मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. कूलर खोलीसाठी खुशाल चालवा, खिडकी उघडी ठेवून.

डिस्प्लेचं म्हणाल तर, "भाऊ, चालू व्हस, पन काहीच दिसत नही" म्हणून आलेल्या मशीनमध्ये मदरबोर्ड क्वचितच गेलेला असतो. आधी मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डातच लावायची. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी एफ असतो, त्यांत ग्राफिक्स नसतंच, तिथे बोर्डाच्या पोर्टातून काही दिसणार नाही. मग रॅम काढा, सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि कट्ट आवाज येईपर्यंत बसवा. एकेक पट्टी वेगळी लावून बघा. आणि तारीख मागे जात असेल, बँकेची साइट उघडत नसेल, तर बोर्डावरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला.

फॉरमॅटने डेटा जातो, आणि घासलेली हार्ड डिस्क हळूच राहते. आधी डेटा दुसरीकडे घ्या, मग डिस्कची तब्येत तपासा. जुन्या मशीनला हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, टाकली तरी फरक डोळ्यांना दिसतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण भंगाराची घाई नको. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचं असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. टीपीएम बऱ्याच बोर्डांवर असतं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, नुसतं बंद ठेवलेलं असतं. ते बघितल्याशिवाय मशीन विकू नका. नुसतं टायपिंग आणि ब्राउझर असेल तर लिनक्सवर जुनं मशीन अजून चालेल.

त्या केंद्रातलं मशीन सहाव्या पिढीचं होतं. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, त्यांच्याकडे विंडोजचाच, म्हणून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलायला सांगितलं. कॅबिनेट, मॉनिटर, एसएमपीएस जुनेच राहिले. पण त्याआधी वायरमनला बोलावून नवा खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरलं आणि थ्री-पिन प्लग नवा लावला. मग पत्र्याला हात टेकवून पाहिला, झणझण नव्हती.