घाण कोणाची हे न पाहता ओळखण्याची कला

सार्वजनिक जागी कचरा दिसला की तो कोणी टाकला असेल याचा शोध घेत बसणे, हे दुबळ्या मनाचे लक्षण आहे. ज्या वस्तीत दुसऱ्या देशातून आलेली काही कुटुंबे राहतात, तेथे हा शोध त्यांनी सामान उतरवले त्याच दिवशी संपलेला असतो. तरीही काही मंडळी अजून पुरावा वगैरे मागतात, असे अलीकडे एका बैठकीत माझ्या निदर्शनास आल्यामुळे होतकरू निंदकांच्या सोयीसाठी काही सूचना येथे देत आहे.

हिशेबाची पद्धत सर्वप्रथम शिकून घ्यावी. आपल्यापैकी कोणी रिकामी बाटली रस्त्यावर फेकली, तर तो त्या एकट्याचा दोष. त्या क्षणापुरते त्याला आईवडील, धर्म, भाषा आणि मायदेश यांपैकी काहीही नसते. तीच बाटली परदेशातून आलेल्या माणसाने फेकली, तर ती त्याच्या हजारो वर्षांच्या संस्कृतीने फेकलेली असते, आणि तिचा जाब त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीलाही विचारता येतो.

कचऱ्याचे छायाचित्र हाती आले, तर ते केव्हाचे आणि कुठले हे न विचारता पुढे पाठवावे.

इतिहासाचा अभ्यास मात्र अवश्य करावा, कारण आपली परंपरा मोठी आहे. 1832 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा तेथील अनेक प्रतिष्ठितांनी त्याचे खापर आयर्लंडहून आलेल्या गरिबांच्या व्यसनांवर आणि अस्वच्छतेवर फोडले. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे लंडनच्या जॉन स्नो यांनी 1854 मध्ये एका सार्वजनिक पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडून दाखवले. असा माणूस आपल्या बैठकीला येणार नाही याची काळजी घ्यावी. 1900 च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगचा संशय येताच अधिकाऱ्यांनी चायनाटाउनला दोरखंडाचा वेढा घातला, आणि हा वेढा गोऱ्यांची दुकाने व घरे वगळून वळणे घेत जाईल अशी व्यवस्था केली. त्याच वर्षी न्यायालयाने हा प्रकार भेदभावाचा ठरवून रद्द केला. उंदरांना त्या दोरखंडाची कल्पना कोणी दिली नसावी, कारण 1907 मध्ये प्लेग परतला तेव्हा तो मुख्यतः गोऱ्या नागरिकांनाच झाला, आणि मग कोठे शहराने चिनी लोकांचा नाद सोडून उंदीर मारण्याची मोहीम मनापासून हाती घेतली.

जोहान्सबर्गचे उदाहरण वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी, कारण तेथील ‘हे लोक’ म्हणजे आपणच होतो. तेथील भारतीय लोकांना ‘कुली लोकेशन’ नावाच्या वस्तीबाहेर जागा घेण्याची जवळजवळ मुभाच नव्हती. पुढे नगरपालिकेने ती जमीन ताब्यात घेतली, जुन्या मालकांना आपले भाडेकरू केले, भाडे वसूल केले, माणसांची गर्दी वाढू दिली आणि सफाईकडे पाठ फिरवली. 1904 च्या फेब्रुवारीत गांधींनी तेथील आरोग्य अधिकाऱ्याला पत्र लिहून वस्तीची अवस्था भयंकर झाली असल्याचे आणि रोगराईचा धोका असल्याचे कळवले होते. मार्चमध्ये प्लेग आला. त्याची लागण आधी शहराजवळच्या सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्यांना झाली होती, तरी वस्ती रिकामी करून जाळण्यात आली आणि माणसे शहराबाहेर तंबूंत नेऊन ठेवण्यात आली. गांधींनी आपल्या माणसांच्या अस्वच्छ सवयींवरही वेळोवेळी कडक टीका केली होती. आपण तेवढीच वाक्ये उचलावीत आणि नगरपालिकेविषयीची गाळावीत.

1916 च्या पोलिओच्या साथीत न्यूयॉर्ककरांनी इटालियन वस्त्यांकडे बोट दाखवले, आणि पोलिओ स्वच्छ, सुखवस्तू घरांतील मुलांनाही पांगळे करत राहिला.

एक उदाहरण मात्र चुकूनही कोणाला सांगू नये. 1895 पर्यंत न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील रस्त्यांवर घोड्यांची लीद, राख आणि उष्टे-खरकटे यांचे थर साचलेले असत, आणि ते तेथील स्थलांतरितांच्या रक्तातच आहे असे शहाण्यांचे मत होते. त्या वर्षी जॉर्ज वेअरिंग हे रस्तेसफाई खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी पक्षाच्या वशिल्याने भरलेल्या खात्याला शिस्त लावली, सफाई कामगारांना पांढरे गणवेश दिले, कचरा नियमित उचलायला लावला, आणि थोड्याच काळात तेच रस्ते ओळखू येईनासे झाले. माणसे तीच होती, भाषाही त्याच होत्या. फक्त गाडी वेळेवर येऊ लागली होती.

गाडीवरून आठवले. आमच्या रहिवाशांच्या बैठकीत परवा कुंडीभोवती साचणाऱ्या पिशव्यांचा विषय निघाला. पूर्वी रोज येणारी कचऱ्याची गाडी आता दिवसाआड येते, हे भरपूर चर्चेनंतरही कोणाच्या तोंडून निघाले नाही. मी ते काढले, तेव्हा ‘तुम्हाला त्यांचा फार पुळका’ असे उत्तर मिळाले. दोन खोल्यांत तीन कुटुंबे कोंबून दर महिन्याला नेमाने भाडे घेणारे आणि जादा कुंडीच्या वर्गणीला ठाम नकार देणारे घरमालकच ‘यांना राहण्याची पद्धत नाही’ असे सर्वांत मोठ्या आवाजात सांगत होते. शेवटी एकमताने ठरले काय, तर ‘कचरा येथे टाकू नये’ असा फलक लावायचा, आणि तोही केवळ नव्या रहिवाशांच्या भाषेत! ज्यांना ती भाषा वाचता येत नाही, त्या आम्हा जुन्या, सुसंस्कृत रहिवाशांनी काय करायचे, याचा उल्लेख ठरावात नाही. फलक लागला त्याच संध्याकाळी त्याच्या खाली पिशव्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याही नव्या रहिवाशांच्याच नावावर जमा झाल्या. पिशवी उघडून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण उघडली असती तर आतली पाकिटे आणि पावत्या बोलल्या असत्या.

आता सूचना पुरे झाल्या. स्थलांतरितांपैकी कोणीच घाण करत नाही असे मी म्हणत नाही. जो करेल त्याला दंड करा, त्याच्या दारात जाऊन सुनवा, पण तुमच्या भावाने केली तर त्यालाही तितकाच दंड करा. एका नळावर आणि एका शौचालयावर किती माणसे अवलंबून आहेत हे तुम्ही मोजत नाही, घरमालकाला जाब विचारत नाही, कारण त्याच्याशी तुमचे उठणे-बसणे आहे, आणि नगरपालिकेला एक तक्रार लिहायची तर तुमचा हात दुखतो. जो भांडू शकत नाही, ज्याचे राहण्याचे कागद दुसऱ्याच्या हाती आहेत, नेमका तोच तुम्हाला सापडतो. कितीतरी श्रीमंत देशांत पहाटे रस्ते झाडणारी, कार्यालयांतील शौचालये धुणारी आणि रुग्णालयांच्या फरश्या पुसणारी माणसे मोठ्या संख्येने स्थलांतरितच असतात. तुमचे उष्टे उचलणाऱ्याला घाणेरडा म्हणताना तुम्हाला लाज कशी वाटत नाही? गाडी दिवसाआड का येते, हे विचारणारे पत्र मी लिहून ठेवले आहे. त्यावर अजून एकाही शेजाऱ्याची सही नाही, आणि फलकाच्या वर्गणीला मात्र सर्वांनी पैसे दिले.