साडेसाती आणि दुर्बीण

विद्यापीठाच्या वेधशाळेत आकाशदर्शन, तेही मोफत, असं कळलं की पुणेकरांचं खगोलप्रेम एकदम उफाळून येतं. 2025 च्या नोव्हेंबरात शनी बघायला गेलो, तर रांग गच्चीवरून जिना उतरून पार सायकल स्टँडपर्यंत आलेली. शनीवरून निघालेल्या प्रकाशाला इथवर यायला साधारण 80 मिनिटं लागतात. मी रांगेत लागलो तेव्हा तिकडून निघालेला प्रकाश माझ्याआधी दुर्बिणीपाशी पोचला. आणि मध्ये न घुसता, हे विशेष.

घुसणारे इथलेच. "आमचे हे पुढे उभे आहेत" म्हणत एक काकू गेल्या, त्यांच्यामागून सासर-माहेर दोन्ही गेलं. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून वर फक्त लाल दिवे. ते सरावले रे सरावले की कुणीतरी फ्लॅश मारून सेल्फी काढायचा.

माझ्यापुढचे काका मेष राशीचे. मी विचारलं नव्हतं. मार्चात साडेसाती लागली होती आणि "छळतोय कोण ते एकदा बघून तरी घेऊ" म्हणून आले होते. नंबर येताच त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि वाकून थेट नळीलाच डोकं टेकवलं. शनी गेला! दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते म्हणून तो एरवीही मिनिटभरात निसटायचा. भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी बिचारी दर माणसामागे त्याला धरून आणत होती.

"दिसला?" या प्रश्नाला आतापर्यंत सगळ्यांनी "वा, सुंदर!" असंच उत्तर दिलेलं. एवढं ताटकळल्यावर दुसरं काय म्हणणार? काका मात्र सरळ म्हणाले, "कडी कुठायत?"

"यंदा आपण ती कडेने बघतोय, काका. रुंदी पावणेतीन लाख किलोमीटर, पण जाडी एखाद्या बिल्डिंगएवढी. मार्चात तर अगदीच कडेवर आली होती."

मी डोळा लावला. बटाट्यात आरपार टोचलेली टाचणी. मागून लगेच "अहो, झालं का?"

काका अजून तिथेच. "मग पूर्ण उघडणार कधी?"

"2032 मध्ये."

काकांनी बोटं मोजली. सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे एका राशीत अडीच, तीन राशींत साडेसात. हे गणित त्यांना त्या मुलीपेक्षा पक्कं येत होतं.

"म्हणजे बघ," ते मला म्हणाले, "मला सोडून जाताना नटून जाणार हा!"