मुलीला डी-मार्टचा टी-शर्ट आवडला तर घाबरू नका

लक्षणं आधीपासून दिसत असतात, आपणच काणाडोळा करतो. महिन्याचं सामान भरायला तुम्ही सहकुटुंब डी-मार्टात जाता. तूरडाळ, साबण, झाडू ट्रॉलीत पडत असतात आणि तेवढ्यात दहावीतली लेक कपड्यांच्या रांगांत गायब होते. परत येते ती करड्या रंगाचा टी-शर्ट छातीशी धरून. त्यावर कुठल्याशा परदेशी कॉलेजचं नाव, जे कॉलेज पृथ्वीतलावर नसावं. किंमत २९९. चेहऱ्यावर निखळ आनंद. इथेच सावध व्हा. तिच्या वयाची बाकीची पोरं चारचौघांसारखी महागड्या बुटांसाठी रुसून बसतात हो!

रागवू मात्र नका. कारण विचारलंत तर ती ते सांगेल, आणि ते पटेल. तोच खरा धोका. पुरुषांच्या विभागातल्या ट्रॅक पँटला म्हणे खिसे असतात, त्यांत मोबाइल अख्खा मावतो. तुम्ही मॉलमधून २,४९९ मोजून आणलेल्या तिच्या जीन्सला खिशाची नुसती शिवण आहे, आत काहीच नाही. तिने नख घालून खात्री करून घेतली आहे.

खरी परीक्षा शेजारच्या वास्तुशांतीला. ‘अय्या, छान आहे गं! कुठून घेतलास?’ असं काकू विचारतात तेव्हा वळण लागलेल्या मुली ‘ऑनलाइन’ म्हणून मोकळ्या होतात. तुमची लेक मसालेभाताच्या रांगेत, पार जिलबीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, ‘डी-मार्ट! दोनशे नव्व्याण्णव!’ लगेच हसून म्हणा, ‘घरात घालायला घेतला होता.’ हे वाक्य पाठच करून ठेवा.

तिला दुकानाचा इतिहास चुकूनही सांगू नका. राधाकिशन दमाणींनी २००२ साली पवईत पहिलं दुकान काढलं, इथवर ठीक. पण देशातल्या बड्या श्रीमंतांत गणला जाणारा हा माणूस वर्षानुवर्षं पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालूनच वावरतो, म्हणून त्याला ‘मिस्टर व्हाइट अँड व्हाइट’ म्हणतात, हे तिच्या कानावर गेलं तर संपलंच. दुकानं शक्यतो स्वतःच्या जागेत काढायची आणि झगमगाटावर पैसा घालवायचा नाही, हा त्यांचा हिशेबही सांगू नका. ‘मग मॉलचं भाडं माझ्या जीन्समधून जातं का, बाबा?’ असं ती विचारेल. विषय बदला. अभ्यासाचं विचारा.

आता तुमचं. मार्च २०१७ मध्ये याच कंपनीचा शेअर २९९ ला निघाला तेव्हा तुम्हीही अर्ज भरला होता. अर्ज आले शंभराहून जास्त पट, तुम्हाला एकही शेअर लागला नाही, आणि पहिल्याच दिवशी भाव दुपटीच्या वर. ही कहाणी तुम्ही प्रत्येक लग्नात, पंगत उठेपर्यंत सांगता. २९९ चा कागद हुकला म्हणून तुम्ही अजून हळहळताय. पोरीला २९९ चं कापड मिळालं तर तुम्हाला लाज वाटते. यात विसंगती शोधत बसू नका, रक्तदाब वाढतो. शिवाय हे वाचताना तुमच्या अंगात असलेली बर्म्युडा कुठली, हे आम्ही विचारलेलं नाही.

एवढं करूनही गुण आला नाही, तर शेवटचा उपाय. रात्री सगळे झोपल्यावर कात्री घ्या आणि टी-शर्टाच्या मानेवरचं लेबल हळूच कापून टाका. निदान पाहुण्यांना तरी पुरावा सापडायला नको. सकाळी ती टी-शर्ट घालेल, मानेवरून हात फिरवेल आणि थेट तुमच्या गळ्यात पडेल.

‘बाबा, तुम्ही कापलंत? कधीपासून टोचत होतं! बाकीच्या चारांचं पण कापून द्या ना.’