एन्सेलाडसवरचे ‘चार जिवाणू’ : फोंड्याच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर जीव शोधण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मगच लिहायला बसले. तुमचे आक्षेप दोन. सूर्याशिवाय जीव जगू शकतो यासाठी मी दिलेला समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांचा दाखला चुकीचा, कारण तिथले प्राणी जो ऑक्सिजन वापरतात तो वरच्या उजेडातच तयार झालेला असतो. आणि उद्या एन्सेलाडसवर ‘चार जिवाणू’ सापडले, तरी तेवढ्यावरून विश्वात इतरत्र जीव आहेत असं ठरत नाही.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. १९७७ साली गालापागोसजवळ सापडलेल्या झऱ्यांपाशी तोंड-आतडं नसलेले नळीसारखे कृमी अंगातल्या जिवाणूंच्या जिवावर जगतात, पण त्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतोच. ‘सूर्यापासून पूर्ण स्वतंत्र’ हे शब्द मी लेखातून काढले आहेत.

दाखला मी घराजवळचाच द्यायला हवा होता. गोव्यात रायबंदरला आमच्या मागे खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीचा, बांध आहे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मानशीच्या (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) दाराशी चिखल उघडा पडतो. वरून करडा, टाचेनं उकरला की काळाकुट्ट, कुजक्या अंड्यासारखा वास. काठी रुतवली की बुडबुडे येतात, त्यांत मिथेन असतो. तो बनवणाऱ्यांपैकी काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगतात. ऑक्सिजन त्यांना विषच. आता इथला हायड्रोजन कुजणाऱ्या पानांतून येतो, म्हणजे शेवटी सूर्याचाच, हे तुम्ही म्हणालच. पण एन्सेलाडसवर पानं नाहीत. शनीचा हा जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा चंद्र, बर्फाच्या कवचाखाली समुद्र असलेला. २०१५ मध्ये कॅसिनी यान त्याच्या दक्षिण ध्रुवावर त्या समुद्रातून उडणाऱ्या फवाऱ्यातून गेलं, तेव्हा त्यात हायड्रोजन मिळाला. तळाच्या खडकाची गरम पाण्याशी प्रक्रिया होऊन तो बनत असावा, असं संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं. उष्णता येते शनीच्या ओढीतून. मांडवीला भरती आणणारी चंद्राची ओढ, तिचीच ही थोरली बहीण. सूर्याचं देणं यात कुठेच नाही.

मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. तिथे हायड्रोजन खाणारे जीव असते तर तो एवढा उरला असता का?

आता ते ‘चार जिवाणू’. बांगडा, माड, खाजनातले जंतू, सगळ्यांची जनुकीय लिपी जवळपास एकच, म्हणजे आपल्याकडे जीवाचा नमुना एकच आहे. एका नमुन्यावरून जीव रुजणं सोपं की अवघड, काहीच सांगता येत नाही. एकाच सूर्याभोवती तो दोनदा वेगवेगळा रुजलेला दिसला, तर त्याला दुर्मीळ म्हणणं फार कठीण जाईल. म्हणून जिवाणू किती यापेक्षा ते आपले नातलग आहेत का, हे मला महत्त्वाचं वाटतं. अमिनो आम्लांचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे दोन घडणींचे असू शकतात आणि आपली प्रथिनं डाव्या घडणीच्या आम्लांची, हे तुम्हीच वर्गात शिकवलं असेल. तिथे उजव्या घडणीची निघाली तर सुरुवात वेगळी. डावीच निघाली तर शंका राहील, हे मान्य.

आणि काहीच नाही सापडलं तर? पाणी आहे, कार्बन आहे, ऊर्जा आहे, २०२३ मध्ये फॉस्फेटही मिळालं. एवढं असून पुन्हा पुन्हा शोधूनही जागा रिकामीच निघाली, तर नुसतं साहित्य जमून भागत नाही, हे कळेल. माझ्या लेखी तेही मोठं उत्तर आहे.

सर, एक विचारायचं होतं. फवाऱ्यात मिथेनही आहे. जीव नसताना, नुसत्या खडक-पाण्याच्या प्रक्रियेतून मिथेन बनतो तो कसा, आणि कोणत्या खुणेवरून तो वेगळा ओळखायचा? पुढच्या रविवारी मी फोंड्याला येतेय. वेळ देऊ शकाल का?