माइक हातात देण्याआधी

१० ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की नाशकात मानसिक आरोग्याचे कार्यक्रम सुरू होतात. गोदाघाटावर मेणबत्त्या, सभागृहात प्रमुख पाहुणे आणि ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याच्या हातात माइक. लोक हळहळतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. बोलणाऱ्याला मात्र त्या रात्री झोप लागेलच असं नाही, आणि आयोजकांच्या ते गावीही नसतं.

माइक द्यायचाच तर सात-आठ मिनिटांपुरता द्या. काय सांगायचं नाही, हे आदल्या दिवशी सोबत बसून ठरवा. प्रसंगाचं बारीकसारीक वर्णन नको, समोर बसलेल्या कुणाची तरी खपली त्यानं निघते. मदत कुठे मिळाली, ओपीडीत पहिल्यांदा काय विचारलं, हे सांगू द्या. ऐनवेळी 'नाही' म्हणायची मुभा हवी, नंतर व्हिडिओ हटवायला लावायचीही. कार्यक्रमानंतर सोबत कोण थांबणार आणि दुसऱ्या दिवशी फोन कोण करणार, ते आधीच पक्कं करा.

घटना ताजी असेल तर बोलवूच नका. 'बोललं की मोकळं वाटतं' हे दरवेळी खरं नसतं. सुरुवातीच्या दिवसांत खोदून खोदून विचारल्यानं त्रास वाढूही शकतो. तेव्हा झोप, जेवण आणि जवळचं माणूस हवं. महिना उलटूनही तीच स्वप्नं, दचकणं, घटना घडली तो रस्ताच टाळणं चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर मात्र महिन्याची वाट नको, त्याच दिवशी.

पत्रकावर 'सकारात्मक राहा' कशाला छापता? मोठ्या अक्षरात १४४१६ हा फोन नंबर छापा. फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत देणारी सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात तर १० ऑक्टोबरचा हट्टच सोडा. ऐन गोड छाटणीत, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या धांदलीत, द्राक्षवाला तुमच्या भाषणाला येईल? मेअखेरीस, उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकल्यावर, संध्याकाळी विकास सोसायटीच्या कार्यालयात बसा. बायकांसाठी बचत गटाच्या बैठकीतला अर्धा तास मागून घ्या. 'गोळ्या किती दिवस?' हा खरा प्रश्न तिथेच निघतो, आणि उत्तर तयार हवं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकते. म्हणून आठव्या दिवशी पाकीट कपाटात जातं. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात आणि डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात.