कॅरॅव्हॅन, अरुंद रस्ते आणि मागे येण्याची सोय

नकाशाच्या ॲपने सुचवलेला सर्वांत कमी वेळाचा मार्ग कॅरॅव्हॅन ओढणाऱ्याने विचारातही घेऊ नये, असे माझे मत आता पक्के झाले आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत नेण्याचे चाकांवरचे घर. स्वतःचे इंजिन असलेली कॅम्परव्हॅन मला येथे अभिप्रेत नाही, आणि या दोहोंतला फरक ब्रिटनमधल्या ग्रामीण रस्त्यांवर जितका जाणवतो तितका अन्यत्र क्वचितच जाणवत असेल. कारण कॅम्परव्हॅन मागे घेणे हे इतर कोणतीही मोठी गाडी मागे घेण्यासारखेच असते, तर जोडलेली कॅरॅव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावे लागते, आणि अंदाज थोडा जरी चुकला तरी गाडी व कॅरॅव्हॅन मिटणाऱ्या चाकूसारख्या एकमेकींकडे वळतात.

मुळात हिशेब रुंदीचा आहे. ब्रिटनमध्ये ओढल्या जाणाऱ्या कॅरॅव्हॅनची रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.५५ मीटर असू शकते, आमची २.३ मीटर आहे. समोरून येणारी साधी मोटार आरशांसह दोन मीटरच्या आसपास भरते. म्हणजे दोन्ही वाहनांना एकमेकींजवळून जायचे असेल तर मधली आणि कडेची मोकळी जागा न धरताच ४.३ मीटर लागतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे तयार करणाऱ्या संस्थेच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर साधारणपणे चार मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते वेगळ्या खुणेने दाखवलेले असतात. त्या खुणेचा अर्थ आमच्यापुरता सरळ आहे: या रस्त्यावर समोरून कोणीही आले, तर दोघांपैकी एकाला मागे जावे लागणार.

मार्ग आखताना आपण ‘येथून जाता येईल का’ एवढेच विचारतो, आणि माझ्या मते चूक तेथेच होते. ‘समोरून कोणी आले तर मागे कोण जाणार, किती अंतर जाणार आणि कोठे थांबणार’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही तो विचारला नव्हता. दोन्ही बाजूंना उंच बांध असलेल्या एका गल्लीवजा रस्त्यात समोर ट्रॅक्टर आला, त्याच्यामागे भरलेला ट्रेलर होता, आणि त्यामागे तीन गाड्या येऊन थांबल्या. सुमारे दोनशे मीटर मागे जायला मला अर्धा तास लागला. पत्नी मागे उभी राहून हातवारे करत होती आणि ट्रॅक्टरवाला खाली उतरून, एकदाही आवाज न चढवता, मला डावे-उजवे सांगत होता. त्याच्या संयमाबद्दल मला आजही आदर वाटतो. माझ्या नियोजनाबद्दल तसे काही वाटत नाही.

एका वेळी एकच गाडी मावेल अशा दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यांवर ओलांडणीसाठी रुंद केलेल्या जागा असतात, ज्यांना ‘पासिंग प्लेस’ म्हणतात. जागा डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरावे, उजव्या हाताला असेल तर आपण तिच्यासमोर थांबून समोरच्याला तिचा वापर करू द्यावा, चढ चढून येणाऱ्याला शक्य तेव्हा वाट द्यावी, आणि गरज पडल्यास मागे जावे, असे हायवे कोड, म्हणजे ब्रिटनची रस्ते-वाहतुकीची नियमपुस्तिका, सांगतो. नियम उत्तम आहेत; अडचण लांबीची आहे. आमची गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून साडेअकरा मीटर होतात, आणि पुष्कळ जागा एखाद्या मोटारीच्या मापाच्या असतात. म्हणून मी उपग्रह-चित्रावर या जागा मोजतो आणि त्यांच्यामधले अंतरही मोजतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण बांधात अडकून राहण्याइतके नाही.

वळणांचा हिशेब शाळेतल्या भूमितीने सुटतो. गाडीमागचा जोड बारा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरत असेल आणि जोडापासून कॅरॅव्हॅनच्या आसापर्यंत पाच मीटर अंतर असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयाने तिची चाके सुमारे १०.९ मीटर त्रिज्येवरून, म्हणजे एक मीटरहून अधिक आतून फिरतात. गाडी व्यवस्थित वळली म्हणून आपण निश्चिंत होतो, तेव्हा कॅरॅव्हॅनचे आतले चाक दगडावर चढत असते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये हा दगड दिसतही नाही, कारण तेथील पारंपरिक बांध दगडांनी रचलेला असून वर गवत आणि झुडपे माजलेली असतात. शिवाय पक्ष्यांच्या विणीमुळे इंग्लंडमध्ये शेताच्या कडेची झुडपे १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात छाटण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे नेमक्या आमच्या सहलींच्या दिवसांत रस्ता सर्वांत अरुंद झालेला असतो, आणि हिवाळ्यात टिपलेले रस्त्याचे छायाचित्र पाहून केलेला अंदाज फसतो.

चढाच्या बाबतीत रस्त्याच्या दर्जावर विसंबू नये. यॉर्कशरमधला सटन बँक हा चढ ए१७० या चांगल्या प्रतीच्या रस्त्यावर आहे, पण तो चारास एक इतका तीव्र असल्याने तेथे कॅरॅव्हॅनना बंदी आहे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर १४ ते २० टक्के उतारासाठी एक बाण आणि त्याहून तीव्र उतारासाठी दोन बाण असतात. दोन बाण दिसले की मी तो रस्ता सोडतो. एका बाणावर घरात चर्चा होते.

आखणी मी आता शेवटाकडून सुरू करतो, कारण घोटाळा बहुधा अखेरच्या चार-पाच किलोमीटरांतच होतो. ग्रामीण भागात एकच पोस्टकोड बऱ्याच मोठ्या परिसराला लागू असतो आणि नॅव्हिगेशन यंत्र त्यातल्या भलत्याच गल्लीत नेऊन सोडते. म्हणून कॅम्पसाइटने स्वतः लिहून दिलेल्या सूचना यंत्रापेक्षा श्रेष्ठ मानाव्यात. त्या नसतील तर मी फोन करून एकच गोष्ट विचारतो: तुमच्याकडे कचऱ्याची लॉरी कोणत्या रस्त्याने येते? ‘रस्ता रुंद आहे का’ याला प्रत्येक जण आपापल्या सवयीप्रमाणे उत्तर देतो, पण लॉरीचा रस्ता हा रोजच्या वापरात तपासला गेलेला असतो.

अरुंद रस्त्यांवर कॅरॅव्हॅन आणूच नये, असे म्हणणाऱ्या स्थानिकांशी मी अर्धा सहमत आहे. स्कॉटलंडमधल्या बेलाख ना बा या घाटाच्या पायथ्याशी कॅरॅव्हॅननी पुढे जाऊ नये असा फलक आहे, आणि तो वाचून हिरमुसण्याचे कारण नाही. कॅरॅव्हॅन रुंद रस्त्यालगतच्या कॅम्पसाइटवर तीन-चार दिवस उभी ठेवावी आणि घाट नुसत्या गाडीने पाहावा. आम्ही तसेच केले. वर जाताना समोरून गाडी आली, मी वीस मीटर मागे गेलो आणि आम्ही एकमेकांना हात दाखवून पुढे निघालो.