लिनशियानचा कालवा: घाम दिसतो, उतार दिसत नाही

दुष्काळाचा आणि श्रमदानाचा विषय निघाला की चीनमधल्या 'लाल झेंडा' कालव्याचं नाव कुणीतरी काढतंच. सोबत फोटो असतो: कड्यावर दोराला लोंबकळत पहारीने दगड पाडणारी माणसं, आणि खाली ओळ, "ठरवलं तर डोंगरही फुटतो". ते कष्ट खरेच आहेत. पण पाणी कष्टाने वाहत नाही, उताराने वाहतं. हा कालवा जिथे झाला त्या लिनशियानची जमीन समजून न घेता या कालव्याचा दाखला देणं मला पटत नाही.

लिनशियान (आताचं लिनचोउ) हा तालुका हेनान प्रांताच्या वायव्य टोकाला आहे. पश्चिमेला ताइहांग डोंगरांचे सरळ तुटलेले कडे, पलीकडे शांशी प्रांत. पाऊस वर्षाला साधारण 600 ते 700 मिमी, म्हणजे आकडा आपल्या मराठवाड्याच्या आसपासचा. पण त्यातला बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये पडतो, आणि गव्हाला पाणी लागतं वसंतात, नेमकं तेव्हा आभाळ कोरडं. त्यात बराच भाग चुनखडीचा. भेगांमधून पाणी खाली निघून जातं, विहिरी लागत नाहीत. 1949 च्या सुमारास 550 पैकी 307 गावांत प्यायच्या पाण्याचीच ओढाताण होती. काही गावांना पाण्यासाठी 10 किमीपेक्षा जास्त चालावं लागे. शेतीची 9,85,000 मू जमीन (15 मू म्हणजे 1 हेक्टर), त्यातली ओलिताखाली फक्त 12,400.

प्रयत्न जुनेच होते. युआन आणि मिंग काळातल्या अधिकाऱ्यांनी डोंगरातल्या झऱ्यांवरून पाट काढले. 1954 मध्ये आलेले तालुक्याचे कम्युनिस्ट पक्षसचिव यांग क्वे यांच्या काळात छोटे कालवे आणि तलाव झाले. मग 1959 चा दुष्काळ पडला, नद्या आटल्या आणि तलाव कोरडे राहिले. साठवायला पाणीच नसेल तर तलाव काय कामाचा? म्हणून नजर चुओचांग नदीकडे गेली.

ही नदी तालुक्याच्या उत्तर हद्दीवरूनच वाहते. मग तिथूनच पाणी का नाही घेतलं? कारण तिथे नदीचं पात्र शेतांपेक्षा खूप खाली आहे. पाणी आपोआप यायचं तर कालव्याचं मुख उंचावर हवं, म्हणजे वरच्या अंगाला, शांशीच्या पिंगशुन तालुक्यात. तिथून निघालेला मुख्य कालवा 70.6 किमीचा. तळाची रुंदी 8 मीटर, भिंतीची उंची 4.3 मीटर आणि उतार 1:8000. म्हणजे 8 मीटर लांबीला 1 मिलिमीटर, सगळ्या 70 किमीत जेमतेम 9 मीटर. एवढ्या मंद उतारात एखादा टप्पा हातभर खाली गेला तर पुढचा सगळा टप्पा ते भरून काढायला जातो. उपकरणं मोजकी होती, त्यामुळे कुठे कुठे पाण्याने भरलेल्या भांड्यावर पट्टी तरंगवून पातळी साधली गेली.

11 फेब्रुवारी 1960 ला सुमारे 37,000 माणसं एकाच वेळी सगळ्या लांबीवर उतरली, आणि काम फसलं. आखणी करणारे तंत्रज्ञ मूठभर, ते पोचेपर्यंत लोक खणून मोकळे. कुठे रेषा चुकली, कुठे सुरुंगाने कालव्याचा तळच फुटला. मार्चमध्ये निर्णय फिरवला: सगळी ताकद आधी शांशीतल्या पहिल्या साधारण 20 किमीवर, तो टप्पा झाला की पुढचा. माझ्या मते हा कालवा इथे वाचला. हजारो माणसं गोळा करणं जमेल, पण चाललेलं काम थांबवून नव्याने आखणं फार थोड्यांना जमतं.

आणि हे सगळं देशव्यापी उपासमारीच्या काळात. 1960 च्या नोव्हेंबरात बहुतेक लोकांना घरी पाठवावं लागलं. 300 तरुण मात्र कठीण गारगोटीच्या वालुकाश्मात 616 मीटरचा बोगदा खणत राहिले. बाजूने पाच जोडबोगदे पाडून एकाच वेळी अनेक तोंडांनी खोदाई केली, तरी फेब्रुवारी 1960 ते जुलै 1961 लागले. कालव्याच्या सगळ्या कामात मिळून 81 माणसं दगावली. त्यात आखणी करणारा तरुण तंत्रज्ञ वू त्सूताइ होता, दुसऱ्या एका बोगद्याचं छत कोसळून तो गेला. हा आकडा वगळून कालव्याचं कौतुक करू नये.

मुख्य कालव्यातून पाणी 5 एप्रिल 1965 ला सुटलं. फनश्वेलिंग नावाच्या ठिकाणी त्याचे तीन फाटे होतात: 39.7, 47.6 आणि 10.9 किमी. पोटकालवे आणि चाऱ्या 1969 पर्यंत चालूच होत्या. सगळं जाळं मिळून 1,500 किमी, 211 बोगदे, 152 जलसेतू. खरं ओलित या चाऱ्यांमुळे झालं, पण त्यांचे फोटो कुणी काढत नाही. दगड घडवायला आणि चुना भाजायला शिकलेले हात पुढे चीनभर बांधकामावर गेले. आजही लिनचोउची ओळख बांधकाम कारागिरांचा तालुका अशी आहे.

आता पाण्याचं. कालवा सेकंदाला 23 घनमीटर पाण्याच्या हिशेबाने बांधला. पुढे शांशीत वर धरणं आणि उपसा वाढला आणि मुखाशी येणारं पाणी घटत गेलं. नदीपलीकडच्या हपेइ प्रांतातल्या गावांनाही तेच पाणी हवं होतं. भांडणं इतकी पेटली की ऑगस्ट 1992 मध्ये कालवाच सुरुंगाने उडवला गेला. त्यानंतर वरच्या चांग नदीचं (चुओचांग ही तिचीच वरची शाखा) पाणी वाटायचं काम तिन्ही प्रांतांच्या हातून काढून केंद्राच्या अखत्यारीतल्या वेगळ्या कार्यालयाकडे द्यावं लागलं.